न विसळता गाडी धुताना

मोटारीच्या रंगावर काही वर्षांनी बारीक ओरखड्यांची जी जाळी दिसू लागते, तिला ऊन, पाऊस किंवा रस्त्यावरची खडी यांपेक्षा गाडी पुसण्याची आणि धुण्याची रीतच अधिक जबाबदार असते, हे गाडीला रोज नेमाने कपडा मारून घेणाऱ्या मालकाला पटणे कठीण असले, तरी रंगाची रचना पाहिली म्हणजे त्याचे कारण कळते. पत्र्यावर प्रथम गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ या नावाने ओळखला जाणारा पारदर्शक थर, अशी आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगाची बांधणी असते. या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून थोडी अधिक भरते आणि ज्याच्यामुळे गाडी चकाकते तो पारदर्शक थर त्यातला जेमतेम ४०-५० मायक्रॉनांचा असतो. उलटपक्षी रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूतल्या स्फटिकाचे जे कण असतात, त्यांची कठिनता खनिजांसाठी वापरल्या जाणाऱ्या मोहस मापक्रमावर ७, म्हणजे काचेहूनही अधिक असते. असे कण फडक्याखाली दाबून फिरवले की मऊ पारदर्शक थरावर रेघा उठणारच. या रेघा प्रत्यक्षात सर्व दिशांना गेलेल्या असतात, परंतु दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रकाशात फक्त विशिष्ट कोनातल्याच रेघा चमकत असल्याने पाहणाऱ्याला त्यांची वर्तुळे भासतात आणि काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ती अधिक ठळक दिसतात.

त्यामुळे गाडी धुण्याचा खरा प्रश्न मळ विरघळवण्यापेक्षा धूळ न घासता उचलण्याचा आहे. नेहमीच्या पद्धतीत हे काम वाहत्या पाण्यावर सोपवलेले असते: आधी जोराच्या धारेने सुटी धूळ वाहवून लावायची, मग शॅम्पूने अंग धुवायचे आणि शेवटी पुन्हा पाण्याने सगळे विसळून काढायचे. ज्या पद्धतीत हे शेवटचे विसळणे मुळातच नसते, तिला इंग्रजी नावावरून ‘रिन्सलेस वॉश’ म्हटले जाते आणि त्यासाठी बादलीभर पाण्यात थोडेसे टाकायचे खास द्रव मिळतात. फवारा मारून कोरडेच पुसून काढायचे ‘वॉटरलेस’ द्रव हा याहून वेगळा प्रकार असून तो हलक्या धुळीपुरताच बरा. रिन्सलेस पद्धतीत फडके पाण्याने चिंब असते आणि हाच फरक रंगाच्या दृष्टीने मोलाचा ठरतो.

शॅम्पू विसळावा लागतो आणि हे द्रव मात्र विसळावे लागत नाहीत, याचे कारण त्यांच्या घटकांत आहे. शॅम्पूमध्ये पृष्ठक्रियाकारी द्रव्ये, म्हणजे ज्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलकट मळाकडे ओढले जाते अशी साबणासारखी द्रव्ये, भरपूर असतात; ती मळ सोडवतात, फेस करतात, पण पत्र्यावर वाळली तर डाग ठेवून जातात. रिन्सलेस द्रवात ती मोजकीच ठेवून त्यांच्या जोडीला पाण्यात विरघळणारी बहुवारिके, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेली पॉलिमर द्रव्ये घातलेली असतात. हे रेणू धुळीच्या कणावर आणि रंगाच्या पृष्ठभागावर बसून दोहोंमध्ये निसरडा पदर तयार करतात, सुटलेला कण पाण्यात धरून ठेवतात आणि वाळल्यानंतर त्यांचा जो अत्यल्प अंश मागे उरतो तो पारदर्शक व गुळगुळीत असल्याने नजरेला जाणवत नाही. जाहिरातींतून मात्र धुळीचा कण जणू कोशात कायमचा कोंडला जातो असे चित्र उभे केले जाते, ते जरा सावधपणेच घ्यावे. कणाची धार बोथट होत नाही, त्याच्याभोवतीचे वंगण तेवढे वाढते आणि हात दाबून घासले तर ओरखडा उठायचा तो उठतोच. या पाण्याला फेस जवळजवळ येत नाही, ही गोष्ट प्रथम वापरणाऱ्याला खटकते, कारण फेस म्हणजे स्वच्छता हे समीकरण साबण-पावडरीच्या जाहिरातींनी आपल्या घराघरांत पक्के करून ठेवले आहे.

या प्रकारातले सर्वांत परिचित नाव ‘ऑप्टिमम नो रिन्स’ हे असून गाड्यांच्या शौकिनांत ते ‘ओएनआर’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या मेम्फिस शहरातील कंपनीचे हे उत्पादन डेव्हिड घोडौसी या बहुवारिक-रसायनतज्ज्ञाने विकसित केले. त्याचे प्रचलित प्रमाण १ भाग द्रवाला २५६ भाग पाणी असे आहे, म्हणजे लिटरला सुमारे ४ मिलिलिटर. दहा लिटरच्या बादलीला ४० मिलिलिटर पुरतात आणि लहान गाडी पाच लिटरांत आटोपली तर एक लिटरची बाटली पन्नास वेळा धुण्यास पुरते. इतर कंपन्यांची प्रमाणे वेगळी असू शकतात, म्हणून बाटलीवर दिलेले प्रमाणच पाळावे. अंदाजाने बाटली उपडी केल्यास गाडी अधिक स्वच्छ होत नाही, उलट काचांवर धुरकट पापुद्रा राहतो.

पाणीटंचाईने या पद्धतीला अधिक बळ दिले, हे उघड आहे. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराचे नळ बंद पडण्याची वेळ आली तेव्हा पालिकेच्या पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास तेथे मनाई होती. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत पाइप लावून गाडी धुण्यासारख्या अपव्ययाला २,००० रुपये दंड ठरला. घरगुती नळाला लावलेल्या पाइपमधून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी येते असे धरले, तर दहा मिनिटांत १०० ते १५० लिटर पाणी जाते. भारतात शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीसाठी माणशी दररोज १३५ लिटर हा निकष धरला जातो, हे ध्यानात घेता एक गाडी एका माणसाचा दिवसाचा वाटा पिऊन टाकते.

तथापि मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या संदर्भात केवळ पाण्याच्या बचतीचा मुद्दा पुढे करणे अपुरे आहे. तेथे पहाटे एक माणूस बादली आणि फडके घेऊन येतो, एकाच बादलीत तीन-चार गाड्या उरकतो आणि पाणी मुळातच इतके कमी वापरतो की काटकसरीत त्याच्या पुढे कोणतेही परदेशी द्रव जाऊ शकत नाही. बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ, खडीयंत्रांचा दगडी भुगा आणि आधीच्या गाडीवरून आलेली माती त्या बादलीतून त्या फडक्यात आणि फडक्यातून रंगावर येते. पाणी वाचते, पण रंगाला त्याची किंमत मोजावी लागते. रिन्सलेस पद्धतीचे महत्त्व असे, की पाणी तेवढेच थोडे ठेवून त्याला वंगणाचा गुण देता येतो, मात्र त्यासाठी फडक्याची शिस्तही सोबत यावी लागते.

ती शिस्त अशी. गाडी सावलीत उभी असावी आणि पत्रा हाताला थंड लागावा, कारण तापलेल्या बॉनेटवर पाणी पुसण्याआधीच वाळते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याचा अर्थ सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर, असाच होतो. बादलीत मायक्रोफायबरचे आठ-दहा रुमाल एकदमच भिजत घालावेत. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे चिरून अतिसूक्ष्म केलेले तंतू विणून केलेले कापड. त्याच्या लव असलेल्या पृष्ठभागात धूळ आत ओढली जाते, तर जुने बनियन किंवा साडीचा तुकडा ती वरच्यावर फिरवत राहतो. घरात वर्षानुवर्षे चालत आलेला बनियनचा बोळा या कामातून निवृत्त करणे भाग आहे. रुमाल दोनदा दुमडला म्हणजे त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. हातपंपाच्या फवाऱ्यात बादलीतलेच द्रावण भरून एका भागावर शिंपडावे, मिनिटभर मळ भिजू द्यावा, मग न पिळलेला, निथळणारा रुमाल केवळ स्वतःच्या वजनाने सरळ रेषेत एकदाच फिरवून बाजू बदलावी आणि आठही बाजू वापरून झाल्या की तो रुमाल पुन्हा बादलीत न टाकता वेगळा ठेवावा. हा शेवटचा नियम साऱ्या पद्धतीचा कणा आहे, कारण त्यामुळे बादलीतले पाणी अखेरपर्यंत स्वच्छ राहते. लगेच दुसऱ्या कोरड्या रुमालाने तो भाग टिपून घ्यावा आणि मगच पुढच्या भागाकडे वळावे. क्रम वरून खाली ठेवावा: टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी दारांचा तळ व बंपर, जिथे सर्वाधिक चिखल असतो. चाकांचे फडके कायमचे वेगळे असावे. ब्रेकच्या झिजेतून निघालेली लोखंडी पूड त्यात अडकते आणि ती कोणत्याही धुण्याने पुरती जात नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेतील यूरिक आम्ल रंगाला डाग पाडते, म्हणून तिच्यावर द्रावणाने भिजलेला रुमाल पाच मिनिटे ठेवून ती मऊ झाल्यावर उचलून घ्यावी, खरवडू नये. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यात तर ते अधिकच एकवटलेले असतात. हे पाणी बादल्यांत साठवून गाडीला वापरण्याची अनेक घरांतली सवय बचतीच्या दृष्टीने स्तुत्य असली, तरी शेवटच्या पुसण्यात उशीर झाल्यास काचांवर पांढरे ठिपके उमटतात. रिन्सलेस द्रवांतील काही घटक हे क्षार काही प्रमाणात बांधून ठेवतात, पण पूर्णपणे नाही. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर या कामी वापरू नयेत, त्यांनी मेण आणि संरक्षक लेप निघून जातात. चमक यावी म्हणून रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवण्याची टेम्पो-टॅक्सीवाल्यांची युक्ती तर रबराला घातक आणि वर धुळीला आमंत्रण देणारी आहे.

पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. कोकणातल्या घाटातून पावसाळ्यात आलेल्या गाडीवरची तांबडी माती किंवा देशावरच्या शेतरस्त्यावरचा चिकट काळा चिखल अंगावर थर धरून बसलेला असेल, तर तो रुमालाने उचलण्याचा प्रयत्न म्हणजे रंगावर पॉलिशपेपर फिरवणे होय. अशा वेळी आधी पाण्याची धार हवीच. बोटाने ओढल्यास माती सरकून ढीग होत असेल तर रिन्सलेस नको, नुसता धुळीचा पदर असेल तर बेलाशक, एवढी कसोटी पुरे. मात्र बोट ओढून पाहायचे ते काचेवर, रंगावर नव्हे. गाडीच्या पोटाखाली ही पद्धत पोहोचतच नाही आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीला गंज तिथूनच धरतो, त्यामुळे मुंबई, रत्नागिरी, गोवा येथील गाड्यांना पावसाळ्यानंतर सर्व्हिस स्टेशनवर जोराच्या पाण्याने खालून धुऊन घेण्याला पर्याय नाही.

वापरलेले रुमाल अन्य कपड्यांत न मिसळता कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाने धुवावेत. कपडे मऊ करणारे कंडिशनर तंतूंवर लेप चढवून त्यांची शोषणशक्ती मारते आणि ब्लीच व कडक इस्त्री ते तंतूच खराब करतात. जमिनीवर पडलेला रुमाल कितीही झटकला तरी रंगासाठी पुन्हा वापरू नये. बादलीतले उरलेले पाणी झाडांना न घालता मोरीत ओतावे.

ज्यांची गाडी रोज दुसरा माणूस पुसतो, त्यांनी त्याच्या हाती आपल्या गाडीपुरते धुतलेले रुमाल, वेगळी बादली आणि मोजून दिलेले द्रव सोपवावे, रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदाच पण नीट पुसायला सांगावे आणि त्याचा पगार मात्र कापू नये.