सीटला भेगा का पडतात?

जुन्या गाडीचं दार उघडा. मागची सीट अजून नव्यासारखी, पण ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड मात्र भेगाळलेली, रंग उडालेली. चढता-उतरता दर वेळी आपण त्या कडेवरूनच घसरतो ना!

चामडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंची दाट गुंतवळ. चामडं कमावताना त्यात तेल मुरवतात, म्हणून तंतू एकमेकांवरून सहज सरकतात आणि चामडं मऊ राहतं. गाड्यांच्या बहुतेक चामडी सीटवर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर असतो. ऊन, घाम आणि घर्षणाने आधी हे थर झिजतात. कपड्यांवरची बारीक धूळ तर पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

म्हणूनच नुसतं क्रीम चोळून भेग बुजत नाही. दुरुस्ती होते ती भिंत रंगवावी तशी. आधी मऊ ब्रशने, सौम्य साबणाच्या फेसाने मळ काढायचा. मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून भेगेत लांबी भरायची. फरक एवढाच, की भिंतीची लांबी कडक चालते. इथे ती लवचीकच हवी, नाहीतर बसताक्षणी तडकेल. त्यावर रंगाचे पातळ-पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. शेवटी पारदर्शक थर.

आणि हो, गाडी शक्यतो सावलीत लावा. आठवड्यातून एकदा ओलसर फडक्याने धूळ टिपली, तरी सीटचं आयुष्य नक्की वाढतं.