पासे सँप्ल

पासे सँप्ल (शब्दशः 'साधा भूतकाळ') हा फ्रेंच भाषेतील एक भूतकाळ आहे. भूतकाळात घडून पूर्ण झालेल्या आणि वर्तमानाशी संबंध न दाखवता सांगितलेल्या घटनेसाठी तो वापरतात. साहाय्यक क्रियापद न लागता केवळ प्रत्ययांनी हा काळ सिद्ध होतो, म्हणून त्याला 'साधा' म्हणतात. जुन्या व्याकरणांत त्याचा उल्लेख 'पासे देफिनी' म्हणजे 'निश्चित भूतकाळ' असाही आढळतो. आधुनिक फ्रेंचमध्ये हा काळ जवळजवळ पूर्णपणे लेखी भाषेपुरता उरला आहे. कथा, कादंबरी, इतिहास, चरित्र आणि परीकथा यांत तो नित्य भेटतो. दैनंदिन संभाषणात त्याची जागा 'पासे कोंपोझे' या संयुक्त भूतकाळाने घेतली आहे. त्यामुळे अस्खलित फ्रेंच बोलणाऱ्या विद्यार्थ्यालाही कादंबरीचे पहिले पान उघडताच अनोळखी रूपे दिसू लागतात.

या लेखात फ्रेंच रूपे स्थूल उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. 'ल्यु', 'फ्यु' यांसारख्या रूपांतील 'यु' हा स्वर ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्यास साधतो.

## उगम

पासे सँप्लची रूपे लॅटिन भाषेतील पूर्ण भूतकाळापासून आली आहेत. लॅटिन 'कांतावी' (मी गायलो) पासून फ्रेंच 'शाँते' हे रूप झाले. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाचे क्रियापद आणि भूतकृदंत यांची जोडी रूढ झाली. तिच्यातून पासे कोंपोझे निर्माण झाला. आरंभी हा संयुक्त काळ वर्तमानाशी जोडलेल्या घटनांसाठी होता. १६६० साली प्रसिद्ध झालेल्या पोर-रोयालच्या व्याकरणानुसार, साधा भूतकाळ किमान एक दिवस आधी घडलेल्या गोष्टीसाठीच योग्य होता. आजच्या घटनेसाठी संयुक्त काळ वापरावा लागे. पुढे संयुक्त काळाने ही सीमा ओलांडली आणि बोलीतून साधा भूतकाळ मागे सरत गेला. १९०९ साली भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी साध्या भूतकाळाच्या ऱ्हासावर स्वतंत्र लेख लिहिला.

## रूपसिद्धी

प्रत्ययांच्या आरंभी येणाऱ्या स्वरानुसार क्रियापदांचे चार गट पडतात: 'आ' गट, 'ई' गट, 'यु' गट आणि अनुनासिक 'अँ' गट.

| पुरुष व वचन | पार्ले (बोलणे) | फिनीर (संपवणे) | व्हुल्वार (इच्छिणे) | व्हनीर (येणे) |
|---|---|---|---|---|
| मी | पार्ले | फिनी | व्हुल्यु | व्हँ |
| तू | पार्ला | फिनी | व्हुल्यु | व्हँ |
| तो / ती | पार्ला | फिनी | व्हुल्यु | व्हँ |
| आम्ही | पार्लाम | फिनीम | व्हुल्यूम | व्हँम |
| तुम्ही | पार्लात | फिनीत | व्हुल्यूत | व्हँत |
| ते / त्या | पार्लेर | फिनीर | व्हुल्यूर | व्हँर |

'आ' गट. 'पार्ले'सारखी पहिल्या गणातील सर्व क्रियापदे यात येतात. फ्रेंचमधील बहुसंख्य क्रियापदे याच गणातील आहेत. वर्तमानकाळात अत्यंत अनियमित असलेले 'आले' (जाणे) हे क्रियापदही येथे नियमित चालते: 'इल आला' म्हणजे 'तो गेला'.

'ई' गट. 'फिनीर'सारख्या क्रियापदांबरोबरच 'व्हाँद्र' (विकणे) आणि त्यासारखी तिसऱ्या गणातील अनेक क्रियापदे यात मोडतात. काहींचे मूळ बरेच आखूड होते: 'फॅर' (करणे) चे 'फी', 'व्ह्वार' (पाहणे) चे 'व्ही', 'प्राँद्र' (घेणे) चे 'प्री', 'मॅत्र' (ठेवणे) चे 'मी'. उलट 'एक्रीर' (लिहिणे) चे 'एक्रीव्ही' आणि 'नॅत्र' (जन्मणे) चे 'नाकी' होते.

'यु' गट. 'लीर' (वाचणे) चे 'ल्यु', 'साव्ह्वार' (जाणणे) चे 'स्यु', 'ब्वार' (पिणे) चे 'ब्यु', 'कुरीर' (धावणे) चे 'कुर्यु', 'मुरीर' (मरणे) चे 'मुर्यु' आणि 'व्हीव्र' (जगणे) चे 'व्हेक्यु'. ज्यांचे भूतकृदंत 'यु'कारान्त असते अशी पुष्कळ क्रियापदे या गटात येतात. तथापि हा केवळ आधार आहे, नियम नव्हे. 'पाहणे' आणि 'विकणे' यांची भूतकृदंते 'यु'कारान्त असूनही ती 'ई' गटात चालतात.

'अँ' गट. 'व्हनीर' (येणे), 'तनीर' (धरणे) आणि त्यांच्यापासून साधलेली क्रियापदे एवढाच हा गट आहे.

दोन्ही साहाय्यक क्रियापदे 'यु' स्वरानेच चालतात. 'ऍत्र' (असणे) ची रूपे फ्यु, फ्यु, फ्यु, फ्यूम, फ्यूत, फ्यूर अशी, तर 'आव्ह्वार' (जवळ असणे) ची यु, यु, यु, यूम, यूत, यूर अशी होतात.

'त्रॅर' (दूध काढणे), 'क्लोर' (बंद करणे) आणि 'पॅत्र' (चरणे) यांसारख्या काही अपूर्ण क्रियापदांना या काळाची रूपेच नाहीत.

## लेखनविशेष

'ई', 'यु' आणि 'अँ' गटांत एकवचनी रूपांच्या शेवटी अनुक्रमे 'एस', 'एस' आणि 'टी' ही अक्षरे लिहितात, परंतु ती उच्चारत नाहीत. 'आ' गटातील तृतीयपुरुषी एकवचनाला मात्र शेवटी 'टी' लागत नाही.

'आम्ही' आणि 'तुम्ही' यांच्या रूपांतील स्वरावर छपरासारखी खूण येते. 'तुम्ही'च्या रूपातील खूण लुप्त झालेल्या 'स्'ची आठवण आहे. लॅटिन 'कांतास्तिस'मधील 'स्' फ्रेंच 'शाँतात'मध्ये नाहीसा झाला. 'आम्ही'च्या रूपात ती खूण केवळ सादृश्याने आली. तृतीयपुरुषी एकवचनात ही खूण चुकून दिल्यास काळच बदलतो: खुणेविना 'फ्यु' म्हणजे 'तो होता', खुणेसह 'फ्यु' हे संभावनार्थाच्या भूतकाळाचे रूप होय.

'फिनीर'सारख्या क्रियापदांची एकवचनी रूपे वर्तमानकाळात आणि पासे सँप्लमध्ये सारखीच लिहितात. अशा ठिकाणी काळ संदर्भावरूनच ओळखावा लागतो.

## उपयोग

पासे सँप्ल कथेतील घटनाक्रम पुढे नेतो, तर 'अँपार्फॅ' हा अपूर्ण भूतकाळ पार्श्वभूमी, वर्णन आणि सवयी सांगतो. पुढील वाक्य पाहावे:

'एल लिझॅ प्रॅ द ला फनॅत्र. सुदँ, ओं फ्रापा. एल स लव्हा, उव्ह्री ला पोर्त ए न व्ही पेर्सोन.'

(ती खिडकीजवळ वाचत होती, अचानक दार वाजले, ती उठली, तिने दार उघडले आणि तिला कोणीही दिसले नाही.)

यातील 'लिझॅ' हे अँपार्फॅचे रूप आहे. 'फ्रापा', 'लव्हा', 'उव्ह्री' आणि 'व्ही' ही पासे सँप्लची. चारही क्रिया लिहिलेल्या क्रमानेच घडल्या, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

हा काळ केवळ क्षणिक घटनांसाठी असतो, हा समज चुकीचा आहे. 'इल रेन्या स्वासाँत-दूझ आँ' म्हणजे 'त्याने बहात्तर वर्षे राज्य केले'. चौदाव्या लुईच्या १६४३ ते १७१५ या कारकिर्दीविषयी असे वाक्य निर्दोष ठरते, कारण कालावधी दीर्घ असला तरी तो बंदिस्त आहे. स्थितिवाचक क्रियापदांचा अर्थ मात्र पालटतो: अँपार्फॅमधील 'इल साव्हॅ' म्हणजे 'त्याला ठाऊक होते', तर 'इल स्यु' म्हणजे 'त्याला कळले'.

## साहित्यातील स्थान

रोलाँ बार्त यांनी १९५३ च्या 'ल देग्रे झेरो द लेक्रित्युर' या पुस्तकात पासे सँप्लकडे कादंबरी या संस्थेची खूण म्हणून पाहिले. एमील बाँव्हनिस्त यांनी १९५९ च्या लेखात फ्रेंच क्रियापदांच्या काळांची 'इतिहासकथन' आणि 'संभाषण' अशा दोन व्यवस्थांत विभागणी केली. पासे सँप्ल हा पहिल्या व्यवस्थेचा प्रमुख काळ होय. आल्बेर काम्यू यांच्या 'लेत्राँजे' (१९४२) या कादंबरीचे निवेदन प्रामुख्याने पासे कोंपोझेमध्ये आहे. रूढ कथनकाळ टाळल्याचा परिणाम काय होतो, याचे ते प्रसिद्ध उदाहरण मानले जाते.

## सद्यःस्थिती

प्रथम आणि द्वितीय पुरुषाची रूपे, विशेषतः 'आम्ही' व 'तुम्ही' यांची, आज लेखनातही विरळ आहेत. फ्रान्समध्ये २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाने प्राथमिक स्तरावर तृतीयपुरुषी रूपांवर भर दिला आणि त्यावर वाद झाला. एनिड ब्लायटन यांच्या 'फेमस फाइव्ह' मालिकेच्या नव्या फ्रेंच आवृत्त्यांत पासे सँप्लच्या जागी वर्तमानकाळ आल्यावरही टीका झाली. मुलांना वाचन सोपे व्हावे, ही एक बाजू. ज्या काळात फ्रेंच कथासाहित्याचा मोठा भाग लिहिला गेला तो कानावर न पडल्यास ते साहित्यच परके होईल, ही दुसरी.

बोलीतून हा काळ सर्वत्र नाहीसा झालेला नाही. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातील बे सँत-मारी येथील अकादी फ्रेंचमध्ये तो बोलण्यात टिकून आहे. तेथे 'आ' गटातील क्रियापदांनाही 'ई'कारयुक्त प्रत्यय लागतात.

## मराठीशी तुलना

मराठीत 'तो आला' आणि 'तो आला आहे' असा भेद असला, तरी 'तो आला' हे रूप बोलण्यात आणि लेखनात सारखेच चालते. त्यामुळे पासे सँप्लचा अर्थ मराठीत सहज उतरतो, पण त्याचा लेखी, औपचारिक सूर उतरत नाही. शिवाय 'तिने दार उघडले' या मराठी वाक्यात क्रियापद कर्मानुसार बदलते, तर पासे सँप्लचे रूप नेहमी कर्त्यानुसार ठरते.

वापराच्या दृष्टीने जवळचे उदाहरण मराठीतील रीतिभूतकाळाचे आहे. 'तो रोज नदीवर जाई', 'आजी गोष्टी सांगे' ही रूपे वाचकाला सहज कळतात, परंतु बोलताना बहुतेक जण 'जायचा', 'सांगायची' असेच म्हणतात. अर्थाने हा काळ अँपार्फॅला जवळचा आहे. मात्र बोलण्यातून ओसरून लेखनात टिकलेला काळ म्हणून त्याचे स्थान पासे सँप्लसारखे आहे.

## अभ्यासासाठी

केवळ वाचनापुरते फ्रेंच शिकणाऱ्याला तृतीयपुरुषी एकवचन आणि अनेकवचन ओळखता येणे बहुधा पुरेसे असते. चार गटांचे स्वर, 'ऍत्र' व 'आव्ह्वार' यांची रूपे आणि 'फी', 'व्ही', 'मी', 'प्री', 'ल्यु', 'स्यु' यांसारखी आखूड अनियमित रूपे लक्षात ठेवल्यास बहुतेक कथात्मक मजकूर उलगडतो. 'नाकी' किंवा 'व्हेक्यु' यांसारखी रूपे मूळ क्रियापदापासून दूर गेलेली असल्याने ती स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात.