प्राणवायू सोडणारे रक्त : १८६४ ते १९७०

रक्त फुप्फुसांत प्राणवायू घेते हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर्वमान्य झाले होते. तो ते ऊतींपाशी सोडते कसे, हा अधिक अवघड प्रश्न सुटण्यास मात्र पुढे शंभर वर्षे लागली. १८६४ मध्ये फेलिक्स होप-सायलर यांनी तांबड्या पेशींतील लोहयुक्त प्रथिनाला हिमोग्लोबिन हे नाव दिले, आणि त्याच वर्षी जॉर्ज स्टोक्स यांनी प्राणवायू काढून घेताच त्याचा वर्णपट बदलतो व हवा लागताच पूर्ववत होतो, असे दाखवून दिले. शंभर मिलिलिटर रक्तात नुसता विरघळलेला प्राणवायू जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो, तर हिमोग्लोबिनमुळे तेवढेच रक्त सुमारे २० मिलिलिटर वाहून नेते.

या वाटचालीतील खरे वळण १९०४ मध्ये कोपनहेगन येथे आले. क्रिस्टियान बोर, कार्ल हासेलबाल्क आणि ऑगस्ट क्रोग यांनी प्राणवायूचा दाब आणि हिमोग्लोबिनची संपृक्तता, म्हणजे त्याच्या किती जागा भरल्या आहेत याचे प्रमाण, यांचा आलेख मांडला, तेव्हा तो इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला निघाला. फुप्फुसांतील सुमारे १०० मिलिमीटर पारा दाबाला रक्त जवळजवळ पूर्ण भरते, विश्रांत ऊतींतील ४० मिलिमीटरला सुमारे ७५ टक्के भरलेले राहते, आणि त्याखाली दाब थोडा जरी उतरला तरी प्राणवायू भराभर सुटतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढला की संपूर्ण आलेख उजवीकडे सरकतो, म्हणजे त्याच दाबाला रक्त अधिक प्राणवायू सोडते; श्रमणाऱ्या स्नायूचे उत्सर्जितच त्याची मागणी रक्तापर्यंत पोहोचवते, हा शोध शरीरक्रियाशास्त्रातील अत्यंत सुंदर शोधांपैकी एक मानावा लागेल.

वक्राचे कारण रेणूच्या रचनेत होते. गिल्बर्ट अडेर यांनी १९२५ मध्ये एका रेणूत प्राणवायूच्या चार जागा असल्याचे दाखवले. केंब्रिजमध्ये १९३७ पासून या प्रथिनाच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकत राहिलेल्या मॅक्स पेरुत्झ यांच्या हाती त्याची त्रिमितीय रचना १९५९ मध्ये आली, आणि अशा चिकाटीची उदाहरणे विज्ञानात विरळाच. प्राणवायू जोडला जाताच लोहाचा अणू किंचित सरकतो, त्या हालचालीने रेणूतील चारही प्रथिन-साखळ्यांची परस्पर मांडणी पालटते आणि उरलेल्या जागा अधिक ग्रहणशील होतात, ही यंत्रणा त्यांनी १९७० मध्ये मांडली. त्यापूर्वी, १९६७ मध्ये, रूथ व राइनहोल्ड बेनेश यांनी तांबड्या पेशींतील डायफॉस्फोग्लिसरेट हे द्रव्य हिमोग्लोबिनची प्राणवायूवरील पकड सैल करते, असे सिद्ध केले होते. साठवलेल्या रक्तात हे द्रव्य घटत जाते, त्यामुळे असे रक्त रुग्णाला दिल्यावर ते पुन्हा तयार होईपर्यंत प्राणवायू घेते, पण सहजी सोडत नाही.