‘वॉक टॉल’ म्हणजे उंच चालणे नव्हे!

‘शी वॉक्स टॉल’ हे वाक्य वाचून ‘ती उंच चालते’ असा अर्थ लावलात, तर फसाल. ती पाच फुटांची असली तरी हा वाक्प्रचार तिला शोभतो. आपण मराठीत ‘ताठ मानेने चालणे’ म्हणतो ना, तेच हे. पायांपेक्षा मनाचा संबंध जास्त.

इथे ‘टॉल’ला ‘ली’ जोडायचे नाही आणि मध्ये ‘विथ’ही घालायचे नाही. ‘वॉक क्वायटली’ बरोबर, पण ‘वॉक टॉल’ असेच. भूतकाळात बदलते ते फक्त क्रियापद : ‘आफ्टर द मॅच, द गर्ल्स वॉक्ड टॉल.’ सामन्यानंतर मुली ताठ मानेने चालत होत्या.

प्रत्यक्ष चाल सांगायची असेल, तर ‘स्ट्राइड’ वापरा. लांब ढांगा टाकत, कुठे जायचे ते पक्के ठाऊक असल्यासारखे चालणे. ‘ही स्ट्रोड इंटू द ऑफिस’ म्हणजे तो आत्मविश्वासाने ऑफिसात शिरला. भूतकाळी रूप ‘स्ट्रोड’ आहे, ‘स्ट्रायडेड’ नाही. तिसरे रूप ‘स्ट्रिडन’. पण ते बोलण्यात इतके क्वचित येते, की इंग्रजी मातृभाषा असणारेही अडखळतात. सरळ ‘वॉक्ड’ म्हणून मोकळे व्हावे! आत शिरताना ‘इंटू’, मंच ओलांडताना ‘अक्रॉस’, कुणाच्या दिशेने जाताना ‘टुवर्ड्स’.

खरा धोका ‘स्ट्रट’मध्ये आहे. शब्दकोशात तोही ऐटीत चालण्याच्या रांगेत दिसतो; पण त्यात तोरा आहे, छाती फुगवून मिरवणे आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीच्या शिफारसपत्रात सरांनी कौतुकाने लिहिले, ‘शी स्ट्रट्स इंटू एव्हरी क्लास.’ वाचणारा समजेल, मुलगी गर्विष्ठ आहे. प्रवेश देणाऱ्यांपैकी कुणी फोन करून ‘सर, तुम्हाला नक्की काय म्हणायचे होते?’ असे थोडेच विचारणार? तिथे ‘शी वॉक्स इन विथ कॉन्फिडन्स’ हे साधे वाक्य हजारपट बरे. मॉडेल रॅम्पवर ‘स्ट्रट’ करते तेव्हा मात्र शब्द चपखल बसतो, कारण तिथे मिरवायचेच असते.

‘मार्च्ड इन’ही जपून. सैनिक नसतील, तर वाचणाऱ्याला वाटते, कुणीतरी रागाने तरातरा भांडायला आले.

आणि ‘शी टुक इट इन हर स्ट्राइड’ कानावर पडले, तर तिथे कुणी चालतच नसते. अडचण आली आणि तिने फारसे मनाला लावून न घेता ती निभावली, एवढाच त्याचा अर्थ.