काळा चबुतरा : ऐकीव गोष्टी आणि नोंदी

क्रांती चौकातली क्रांती कोणती, असं छत्रपती संभाजीनगरात विचारून पाहा. पुष्कळ जण ‘मुक्तिसंग्राम’ असं उत्तर देतील. मुक्तिसंग्राम आपला अभिमानाचाच विषय आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली आणि त्याचं ध्वजवंदन दरवर्षी सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी होतं. क्रांती चौकातला काळा चबुतरा मात्र त्याच्याही ९१ वर्षं आधीच्या, जून १८५७ मधल्या इंग्रजांविरुद्धच्या उठावाची आठवण जपतो. इतिहासाची ही दोन्ही पानं एकमेकांना चिकटली, की पहिलं वाचायचं राहून जातं.

यावर शंका येते ती अशी, की इथे राज्य निजामाचं होतं, मग इंग्रजांविरुद्ध उठाव कसला? त्याचं उत्तर छावणीत सापडतं. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा चालत होता. हा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहात वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दोआब हे मुलूख ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या ताब्यात घेतले. औरंगाबादच्या (या शहराचं तेव्हाचं नाव) छावणीतला पहिला रिसाला, म्हणजे घोडदळ, याच फौजेचा. त्यामुळे इथला शिपाई बंड करून उठला, तो कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर.

शाळेत शिकलेलं चरबी लावलेल्या काडतुसांचं कारण इथे जसंच्या तसं लावता येत नाही. या रिसाल्यातली धास्ती वेगळी होती. आपल्याला दख्खनबाहेर काढून दिल्लीच्या बादशहावर चालून जायला लावणार, अशी बातमी छावणीत पसरली होती. हे घोडेस्वार शिलेदारी पद्धतीचे, म्हणजे घोडा सरकारचा नव्हे, खासगी मालकीचा. अशी माणसं आपण कुठे आणि कोणाविरुद्ध लढायचं याचा विचार करणारच. त्यांनी दिल्लीवर जाणार नाही, असं उघड सांगितलं. याला मी नुसती अफवेची भीती म्हणणार नाही. तो राजकीय नकार होता.

जूनच्या चौथ्या आठवड्यात जनरल वुडबर्न पुण्याहून फौज घेऊन आला. त्याच्याबरोबर गोरे घोडेस्वार होते, २५ वी देशी पलटण होती आणि तोफा होत्या. रिसाल्याला मैदानात उभं करून संशयितांची नावं पुकारायला सुरुवात झाली आणि एकच गडबड उडाली. बरेच स्वार घोड्यांना टाच मारून निसटले. रिसाल्याचा अधिकारी कॅप्टन ॲबट याच्यावर हत्यार उगारणाऱ्या मीर फिदा अली या दफेदाराला जागच्या जागी चालवलेल्या लष्करी खटल्यानंतर फाशी दिलं गेलं. पुढे आणखी खटले झाले. काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. शहराची आठवण या शिक्षांची जागा काळ्या चबुतऱ्यावर दाखवते.

‘एवढंसं बंड, लगेच विझलं’ हा सगळ्यात पक्का रुतलेला समज आहे आणि तोच मला सगळ्यात चुकीचा वाटतो. वुडबर्नला खरं तर इंदूरजवळच्या महूच्या छावणीला पोहोचायचं होतं. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन त्यासाठी घाई करत होता. पण फौज औरंगाबादच्या खटल्यांत अडकून पडली, वुडबर्न आजारी झाला आणि तेवढ्यात १ जुलैला इंदूर आणि महू उठले. ब्रिगेडियर स्टुअर्टच्या हाताखाली ही फौज १२ जुलैला इथून हलली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला महूला पोहोचली. छावणीतल्या थोड्याशा स्वारांनी कंपनीची एक तुकडी ऐन वेळी रोखून धरली, असा याचा अर्थ होतो.

धागा दक्षिणेकडेही जातो. कंटिन्जंटचा एक जमादार, चिदा खान, दिल्लीवर जायला नकार देऊन सोबत्यांसह हैदराबादला गेला. निजाम आसरा देईल, अशी त्याला आशा होती. पण निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्याला पकडून इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या हवाली केलं. त्याच्या सुटकेसाठी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी १७ जुलैला लोकांना घेऊन रेसिडेन्सीवर हल्ला केला. त्याच महिन्यात, ३१ जुलैला, कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. नर्मदेच्या दक्षिणेला १८५७ शांतच गेलं, असं म्हणणाऱ्यांनी या तारखा ओळीने मांडून पाहाव्यात.

आता एक बोचणारं सत्य. अख्खी कंटिन्जंट उठली नव्हती. तिच्या बऱ्याच तुकड्या इंग्रजांच्या बाजूने राहिल्या आणि १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सैन्यात झाशीच्या वेढ्यातही होत्या. हे झाकून ठेवण्यात उठावाचा मान नाही. सोबतच्या तुकड्या हुकूम पाळत असताना ज्यांनी नकार दिला, त्यांनी काय जोखलं आणि काय पणाला लावलं, हे त्यामुळेच कळतं.

राहिला प्रश्न पुराव्याचा. ‘जे होतं ते लिहून झालं’ असं म्हणतात. पण आपल्यापुढे आलेलं कथन बहुतांश शिक्षा देणाऱ्यांचं आहे, म्हणून त्यात शिपायाचं नाव येतं ते आरोपी म्हणून. दुसरी बाजू कशी जपता येते, याचं एक उदाहरण पाहा. आजच्या टांझानियात १९०५ ते १९०७ या काळात जर्मनांविरुद्ध माजी-माजी उठाव झाला. १९६८ मध्ये दार-ए-सलामच्या विद्यापीठातून विद्यार्थी गावोगाव गेले आणि तो काळ पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांनी लिहून घेतल्या. आपली ती संधी हुकली; १८५७ पाहिलेली पिढी केव्हाच गेली. कागद मात्र अजून आहेत. रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, निजामी दफ्तर हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात आहे, आणि हैदराबाद राज्याच्या समितीने १९५६ पासून छापलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात १८५७ ते १८८५ चा स्वतंत्र खंड आहे. इथल्या विद्यापीठातल्या एखाद्या फारसी-उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याने खटल्यांचे कागद मिळवून त्या स्वारांची नावं, गावं आणि जबाब मराठीत आणावेत. चबुतऱ्यापाशी लावता येईल अशी नावांची यादी त्यातूनच तयार होईल.