कार्डामागचा कागद आपल्याच हातचा

आज शुभेच्छाकार्डाबद्दल बोलूया. कार्डावरचं फूल किंवा मजकूर आपल्याला ठाऊक आहे. आज बोलायचं आहे ते त्यांच्या मागे चिकटवलेल्या नक्षीच्या कागदाबद्दल. साडीचे काठ-पदर कितीही सुंदर असले तरी अंगाचा रंग चांगला नसेल तर साडी उठून दिसत नाही. कार्डाचंही तसंच आहे.

हा कागद छापील मिळतो. आपण तो शहरातल्या दुकानातून आणतो, कापतो आणि डिंकाने चिकटवतो. पण तोच कागद नागपूरलाही मिळतो आणि पुण्यालाही. मग ताडोबा पाहायला आलेल्या पाहुण्याने आपलं कार्ड का घ्यावं? शिवाय कागदाचे पैसे दुकानदाराला जातात आणि आपल्याकडे फक्त कात्रीची मजुरी राहते. मागचा कागद आपण केला तर कार्ड खऱ्या अर्थाने आपलं होतं.

कागदाला रंगीत नक्षी करण्याचं काम आपल्या मुलखाला नवं नाही. विजापूरला आदिलशाहीच्या काळात, सतराव्या शतकात, पाण्यावर रंग तरंगवून अबरी कागद करत आणि त्यावर चित्रंही काढत. अब्र म्हणजे ढग. त्या कागदावर ढगांसारख्या लहरी दिसतात, म्हणून ते नाव. आपण करणार आहोत तो प्रकार याहून सोपा आहे, कारण त्याला लागते ती खळ. धानाच्या मुलखातल्या बाईला खळ शिकवावी लागत नाही.

खळीचा कागद

एक वाटी तांदळाचं पीठ किंवा मैदा घ्या. थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडा. मग एकूण सहा वाट्या पाणी होईल इतकं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. खळ घट्ट आणि चकचकीत झाली की उतरवा, गार करा आणि जुन्या फडक्यातून गाळून घ्या.

त्यात रंग मिसळा. गेरू असेल तर तो वाटून, वस्त्रगाळ करून घाला. काळ्यासाठी दिव्याची काजळी चालते. खळ बोटाने उचलली तर दह्यासारखी सुटली पाहिजे. पाण्यासारखी पातळ असेल तर नक्षी मिटते.

कागद चित्रकलेच्या वहीसारखा जाड घ्या. वर्तमानपत्राचा कागद ओला झाला की फाटतो. ओल्या फडक्याने कागद पुसून थोडा दमट करा, पाटीवर किंवा फरशीवर पसरा आणि रुंद ब्रशने खळ सगळीकडे सारखी लावा. ती ओली असतानाच नक्षी ओढा. मोडक्या फणीने नागमोडी रेघा ओढता येतात. बांबूच्या कापलेल्या कांडीचं तोंड टेकवलं की गोल उमटतात. बोटानेही ओढता येतं. चुकलं तर पुन्हा ब्रश फिरवा, पाटी कोरी होते.

कागद सावलीत, सपाट जागी वाळवा. वाळताना तो वळतो, त्याची काळजी नको. वाळल्यावर उलटा करून वर साधं कापड टाका आणि कोमट इस्त्री फिरवा, किंवा रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा. पावसाळ्यात मात्र हे काम टाळा. खळ नीट वाळली नाही की बुरशी धरते.

पानाचा कागद

दुसरा प्रकार मुलींनाही जमेल. कोऱ्या कागदावर दोन-तीन पानं ठेवा. जुना दातांचा ब्रश पातळ रंगात बुडवून झटका आणि बोटाने त्याचे केस मागे ओढा. बारीक शिंतोडे उडतात. वाळल्यावर पान उचललं की त्याचा पांढरा आकार उरतो. कडुनिंब, शेवगा, चिंच अशी बारीक पानं छान दिसतात.

ही सगळी पानं अंगणात, बांधावर मिळतात, हे मुद्दाम सांगतो आहोत. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना आपल्या बायांवर वाघाने हल्ले केल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पोटासाठी जंगलात जावं लागतं, ते वेगळं. एका कार्डासाठी मात्र कोणी एकटीने जंगलात शिरू नये. पळसाची फुलं हवी असतील तर गावाजवळच्या झाडाखाली पडलेली घ्या आणि चार जणी मिळून जा. व्याघ्र प्रकल्पाच्या आतून काहीच उचलायचं नाही.

रंग टिकतो का?

पळसाची फुलं उकळली की पिवळा-केशरी रंग निघतो. तुरटी घातली तर तो पिवळा राहतो, चिमूटभर खायचा सोडा घातला तर केशरी गडद होतो. हा रंग दिसायला गोड, पण उन्हात उडतो. हळदीचा तर आणखी लवकर उडतो. गेरू आणि काजळी टिकतात.

म्हणून विकण्याआधी परीक्षा घ्या. कागदाचा तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून आठ दिवस उन्हात ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग सारखाच दिसला तर तो रंग वापरा. फरक पडला तर तो कागद कार्डाच्या आतल्या बाजूला लावा. गिऱ्हाइकालाही सांगा, फुलाचा रंग आहे, उन्हात ठेवू नका. खरं सांगितलं की गिऱ्हाईक पुन्हा येतं.

हिशेब

आता महत्त्वाचं. एक ए-फोर कागद आडवा-उभा मधोमध कापला की चार तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या कडा थोड्या छाटल्या की तो साडेनऊ बाय पावणेचौदा सेंटिमीटरचा होतो. दुसरा जाड ए-फोर कागद अर्धा करून प्रत्येक भाग दुमडला की दोन कार्डं होतात. त्यावर हा तुकडा बसतो आणि चारी बाजूंनी पांढरी किनार उरते.

समजा तिघी जणींनी चार तास बसून २० कागद केले. तुकडे झाले ८०. कागद आणि रंग मिळून एका कागदाला ५ रुपये धरले तर १०० रुपये. तिघींचे मिळून १२ तास. तासाला ४० रुपये धरले तर ४८० रुपये. एकूण ५८०, म्हणजे एका तुकड्याला सव्वासात रुपये. आपल्यापैकी पुष्कळ जणी इथे फक्त १०० रुपये लिहितात आणि सव्वा रुपया सांगतात. तुमचे दर वेगळे असतील, तुमचे आकडे घाला. पण तासांचा रकाना कोरा ठेवू नका. त्यावर जाड कागद, पाकीट, चिकटवण्याचा वेळ आणि वाया गेलेल्या कागदांचा वाटा मिळवा, मगच कार्डाची किंमत ठरवा.

घरच्या कामाला मोल नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. गटाच्या वहीत तरी ते खोटं ठरवूया. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक कागद करून आणावा, आणि त्याच्या मागे पेन्सिलीने लिहावं: किती वेळ लागला.