जुन्या फियाटच्या बोनेटखाली कोणता रंग मारायचा?

आजोबांची पद्मिनी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये धूळ खात पडलीय, ती पुन्हा रस्त्यावर आणायचीय, असं ठरवणारी पोरं आता नगर जिल्ह्यातही दिसायला लागलीत. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या या गाडीकडं लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले. बाहेरून कोणता रंग द्यायचा यावर घरात आठवडाभर वाद होतो, पण बोनेट उघडल्यावर आत काय मारायचं हे कुणी विचारत नाही. मग पेंटर उरलेला काळा रंग घेतो आणि इंजिनासकट सगळ्यावर गन फिरवून मोकळा होतो.

हे काम स्वस्तात होतं, पहिले दोन महिने चकाचकही दिसतं. पण इंजिन बे ही एक जागा नाहीच. फूटभर अंतरावर तिथली परिस्थिती बदलते आणि रंग त्याप्रमाणे निवडावा लागतो.

तीन जागा, तीन तऱ्हा

पहिली जागा म्हणजे पत्रा: दोन्ही बाजूंचे आतले मडगार्ड, फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, आणि बोनेटची आतली बाजू. इथं उष्णता असते, पण बेतानं. इंजिन तापल्यावर साधारण ७० ते ९० अंश सेल्सिअस धरा. या पत्र्याचा खरा शत्रू म्हणजे अंगावर सांडणारे द्रव: पेट्रोल, इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल.

दुसरी जागा इंजिन ब्लॉक. आत पाणी फिरत असल्यामुळं तो शंभरच्या आसपास राहतो.

तिसरी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि तिथून निघणारा पाइप. इथलं तापमान ४०० ते ५०० अंशांवर सहज जातं. यावर मारलेला साधा रंग पहिल्या लांब फेरीतच जळून पापुद्रे सोडतो आणि गाडीभर वास पसरतो.

दुकानात गेलात की "हीट प्रूफ घ्या, सगळीकडं चालेल" असा सल्ला मिळेल. तो सोडून द्या. मॅनिफोल्डसाठीचा सिलिकॉनचा उष्णतारोधक रंग, साखर कारखान्यातल्या गरम पाइपांवर दिसतो तसा चंदेरी, नीट तापल्याशिवाय पक्का होतच नाही. त्याला टप्प्याटप्प्यानं २०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. मॅनिफोल्ड इंजिन चालू केल्यावर तेवढा तापतो, फायरवॉल तापत नाही. म्हणजे हाच रंग पत्र्यावर मारला तर तो कच्चाच राहतो, नखानं खरवडला तरी निघतो. आणि मॅनिफोल्डवर मारताना त्याच्याखाली साधा प्रायमर नको. प्रायमर आधी जळतो आणि वरचा रंग घेऊन पडतो. वायर ब्रशनं किंवा सँडब्लास्टिंगनं लोखंड उघडं करायचं आणि पातळ हात द्यायचे, बस.

पत्र्यासाठी ऑइल पेंट की पीयू?

इथं खरा निर्णय आहे. गॅरेजात तीन नावं ऐकू येतील. ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल: स्वस्त, ब्रशनंही बसतो, पण पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. एनसी, ज्याला जुने पेंटर अजून ड्युको म्हणतात, झटपट वाळतो आणि पॉलिश छान घेतो, पण पेट्रोल आणि थिनरपुढं तोही टिकत नाही. तिसरा पीयू, म्हणजे दोन डब्यांचा रंग. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळल्यावर रासायनिक क्रिया होऊन थर घट्ट होतो आणि पेट्रोल-ऑइलला दाद देत नाही.

इंजिन बेच्या पत्र्याला पीयूच मारा, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्लॉक नीट साफ केला असेल तर त्यावरही चालतो. त्याच्याखाली एपॉक्सी प्रायमर. आपल्याकडं सवयीनं रेड ऑक्साइड मारतात, पण तो थर सच्छिद्र असतो. ओल हळूहळू आत जाते आणि रंगाखालून गंज वर येतो. अकोले तालुक्याच्या घाटाकडच्या पावसात उभी राहणारी गाडी असेल तर हा फरक एका पावसाळ्यात दिसेल. पाथर्डीकडच्या कोरड्या हवेत थोडा उशिरा दिसेल, इतकंच.

पेट्रोलचा मुद्दा आता जास्त महत्त्वाचा झालाय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्यासारख्या साखर कारखान्यांमधून येतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात, गळतात. तेव्हा रंगाचा खर्च करण्याआधी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं ही रंगाची नाही, आगीची गोष्ट आहे.

ब्रेक ऑइल मात्र पीयूलाही सोडत नाही. डॉट-३ आणि डॉट-४ ग्लायकॉलवर आधारलेले असतात आणि रंगासाठी ते रिमूव्हरसारखं काम करतात. सांडलं तर फडक्यानं चोळू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळं धुऊन निघतं.

बॅटरीच्या ट्रेला आधी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, म्हणजे मुरलेलं ॲसिड मरतं. ट्रे, ब्रॅकेट असे सुटे होणारे भाग पावडर कोटिंगला द्या. तो थर भट्टीत १८० ते २०० अंशांना भाजलेला असतो, म्हणून रबर किंवा प्लास्टिक चिकटलेलं काही त्यात पाठवू नका.

मोबाइलवरचा फोटो दाखवून रंग बनवू नका

आता तुमच्या हातातल्या फोनकडं येऊ. काम सुरू करण्याआधी इंजिन बेचे पन्नास-साठ फोटो काढा: कोणती वायर कुठून गेलीय, क्लिप कुठं आहे, स्टिकर कुठं होता. याला पर्याय नाही. पण तो फोटो दुकानात दाखवून "हाच रंग द्या" म्हणू नका. फोनचा कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्स लावतो, म्हणजे उजेड पिवळा आहे की निळसर हे ओळखून रंग स्वतःच दुरुस्त करतो. तोच पत्रा ट्यूबलाइटखाली आणि दुपारच्या उन्हात काढून बघा, दोन वेगळ्या गाड्या वाटतील. त्यात तुमची स्क्रीन व्हिविड मोडवर असली की तिसरीच छटा.

त्यापेक्षा गाडीलाच विचारा. बॅटरी ट्रेखाली, फायरवॉलवरच्या जाड फेल्टच्या मागं, डिकीतल्या मॅटखाली कारखान्यातला मूळ रंग ऊन न लागता शिल्लक असतो. सुटा होणारा झाकलेला तुकडा काढा, रबिंग कंपाउंडनं हलकासा घासून वरची कळकट साय काढा आणि तोच तुकडा रंग मिसळून देणाऱ्या दुकानात न्या. स्कॅनर असेल तर मशीनवर, नसेल तर उन्हात धरून डोळ्यांनी जुळवतील. सगळं घासून टाकल्यावर हा पुरावा परत मिळत नाही, म्हणून पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधीच हे करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं घासताना कोरडं नको, वॉटर पेपर पाण्यासोबत वापरा.

मूळ रंगाचा फायदा कागदावरही आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मोठा फेरबदल न झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. १९७४ सालची पद्मिनी आता त्या वयात आलीय. काळा न मारता बॉडीचाच रंग आत मारायचं आणखी एक कारण अगदी साधं: फिकट पत्र्यावर ऑइलचा पहिला थेंब दिसतो, काळ्यावर महिनाभर दिसत नाही.

चमक किती ठेवायची? नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममधली मॅट रंगाची रणगाड्यांची रांग बघून कुणाला मॅटचा मोह होईल. लष्कराला चमक नको असते, कारण ती लांबून दिसते. तुम्हाला पुसता येणारा पत्रा हवाय, आणि मॅट थरात तेलकट धूळ रुतून बसते. ग्लॉस किंवा सेमी-ग्लॉस घ्या. आणि जीपवाल्यांनो, ऑलिव्ह ग्रीन विसरा. तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, मोटार वाहन नियमांतच तसं लिहिलंय.

गन हातात घेण्याआधी

चॅसिस नंबर जिथं ठोकलेला आहे तिथं लांबी अजिबात भरू नका आणि जाड हात देऊ नका. एमएच १६ असो की श्रीरामपूरचा एमएच १७, फेरनोंदणीच्या वेळी आरटीओत हा नंबर तपासतात. अक्षरं बुजली तर गाडी तुमचीच आहे हे पटवून देण्यात महिने जातात. आधी त्याचा स्पष्ट फोटो काढा, मग टेप लावून झाका, शेवटी एकच पातळ हात द्या. बॅटरीची अर्थिंग पट्टी जिथं पत्र्याला लागते ती जागाही उघडी ठेवा. रंग वीज जाऊ देत नाही. रंगकाम झाल्यावर स्टार्टर कण्हायला लागला की लोक बॅटरी बदलतात, दोष असतो त्या एका बोल्टखालच्या रंगात.

सगळ्यात गंभीर गोष्ट तुमच्या फुप्फुसांची. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यानं दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढं अगदी थोड्या वासानंही झटका येतो. नाकाला रुमाल किंवा करोनात घेतलेला मास्क इथं कुचकामी आहे. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क असलेल्या बूथमध्येच हे काम करून घ्या. घरच्या शेडमध्ये घासणं, धुणं, टेप लावणं करा, गन मारायचं काम तिकडं सोपवा. तिथला पेंटर रुमाल बांधून मारत असेल तर दुसरं दुकान बघा.

हवामान फोनवर बघता येतं. वेदर ॲपमध्ये 'ड्यू पॉइंट' नावाचा आकडा असतो. पत्र्याचं तापमान त्याच्यापेक्षा किमान ३ अंश जास्त हवं, नाहीतर न दिसणारं दव पत्र्यावर बसतं आणि रंग त्यावर. मे महिन्यातल्या नगरच्या उन्हात उलटा त्रास होतो. थिनर हवेतच उडतो आणि थर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसतो. सावकाश उडणारा थिनर मागा किंवा सकाळी लवकर काम उरका. हार्डनर मिसळल्यावर रंग काही तासांतच डब्यात घट्ट होतो, त्यामुळं सगळा एकदम कालवू नका. मिश्रणाचं प्रमाण आणि दोन हातांमधलं अंतर त्या रंगाच्या टेक्निकल डेटा शीटवर असतं. कंपनीच्या साइटवर ती पीडीएफ मिळते, पेंटरच्या अंदाजापेक्षा तिच्यावर भरवसा ठेवा.

पीयू दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला साधारण आठवडा घेतो. तोवर ब्रेक ऑइल भरायची घाई नको. मॅनिफोल्डचा रंग पहिल्यांदा तापताना धूर आणि वास येईल. तेव्हा गाडी बाहेर, मोकळ्यावर उभी करा, बोनेट उघडं ठेवा, आधी दहा मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ द्या आणि मग थोडा जास्त वेळ चालवा.